दोन मिलिमीटर पोलाद

जानेवारीत व्हरमाँटमध्ये पाऊस पडतो. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या हिवाळ्याचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यात हा पाऊस कुठेच नसतो. तिथल्या डोंगरांवर शनिवार-रविवार घालवणाऱ्यांना मात्र तो पुरता ठाऊक आहे. समुद्राकडून उबदार हवा येते, पारा शून्याच्या वर चढतो, रात्रभर उतारांवर सरी कोसळतात. मागोमाग कॅनडाकडची थंडी उतरते आणि उजाडेपर्यंत सगळं उणे दहा-बारावर गेलेलं असतं. आठवडाभर साठलेला भुसभुशीत बर्फ पाणी पिऊन बसलेला असतो, तो तसाच्या तसा थिजतो. अशा सकाळी लिफ्टच्या खुर्चीत बसलं की खालून येणाऱ्यांचा आवाज ते दिसण्याआधी कानावर येतो. ताज्या बर्फावरून स्नोबोर्ड जवळजवळ आवाज न करता जातो. इथे मात्र खरवडल्याचा कर्कश आवाज वरपर्यंत पोचतो. स्नोबोर्डर मंडळींनी या सगळ्या पट्ट्याला 'आइस कोस्ट' असं नाव दिलंय, आणि इथे शिकलेला माणूस कुठेही उभा राहू शकतो हे ते अभिमानाने सांगतात.

या वर्षीच्या अंकाचा विषय 'पकड' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी बॉस्टनजवळ बहिणीकडे होते. तिचा मुलगा दर शनिवारी पहाटे गाडीच्या टपावर बोर्ड बांधून व्हरमाँट गाठतो. विषय ऐकून म्हणाला, "मावशी, मग तू माझ्याबरोबर स्ट्रॅटनच्या स्की रिसॉर्टला चल. पकड सुटते म्हणजे काय होतं ते आधी बघ." गेले. उतारांवर, लिफ्टच्या रांगेत आणि एका दुकानाच्या मागच्या खोलीत जे पाहिलं-विचारलं, त्यातून एक गोष्ट लक्षात येत गेली. सगळे बोलतात धारेबद्दल, पण खरा प्रश्न असतो वजनाचा. अंगाचा भार त्या पोलादी पट्टीच्या नेमक्या कोणत्या भागावर पोचतो आणि तिथे किती वेळ टिकतो, यावर पकड ठरते. गेल्या वीसेक वर्षांत कडेच्या आकारात जे जे प्रयोग झाले ते सगळे याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

आकाशातून न पडलेला बर्फ

व्हरमाँटच्याच जेरिको गावात विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ मध्ये त्याने एकट्या हिमकणाचं छायाचित्र घेतलं, आणि पुढे अशी हजारो छायाचित्रं काढली. सहा हातांचं, नक्षीदार हिमफूल जगाने पाहिलं ते या माणसामुळे. पण त्याच राज्यातल्या स्कीच्या उतारावर ते फूल शोधायला जाऊ नये. तिथला तळाचा थर बहुतेक वेळा यंत्राने केलेला असतो.

उतारांच्या कडेने पाण्याचे आणि दाबाखालच्या हवेचे नळ टाकलेले असतात आणि थोड्या थोड्या अंतरावर स्नो गन उभ्या असतात. हवा पाण्याचे बारीक थेंब करून उडवते, आणि ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. थेंब बाहेरून आत गोठत जातो, त्यामुळे त्याला हात-फाटे फुटायला वेळच मिळत नाही. तयार होतो तो गोल, भरीव दाणा. असे दाणे एकमेकांशेजारी घट्ट बसतात. नुकत्याच पडलेल्या नैसर्गिक बर्फाचा एक घनमीटर ५० ते १०० किलो भरतो. यंत्राचा, वरून दाबून बसवलेला बर्फ ४०० ते ५०० किलोंच्या घरात जातो. निखळ, हवा नसलेला बर्फ असतो ९१७ किलोंचा. पावसात भिजून थिजलेला उतार या शेवटच्या आकड्याकडे सरकत असतो.

रात्री ग्रूमर फिरतात. पट्ट्यांवर चालणारी ही अवजड यंत्रं बर्फ फोडतात, उलथतात आणि मागे बारीक समांतर रेघा काढत जातात. सकाळी आठला त्या रेघांवरून जाणं म्हणजे चैन. पण फोडलेल्या थराची जाडी ती किती! शेकडो बोर्ड आणि स्की वळताना तो थर बाजूला ढकलत राहतात, आणि अकराच्या सुमारास उताराच्या मधोमध खालचा निळसर राखाडी तळ उघडा पडतो. नवखे लोक मोकळी जागा पाहून मधूनच जातात. स्थानिक मंडळी झाडांच्या बाजूने, दोन्ही कडांना खेटून उतरतात, कारण खरवडलेला सगळा चुरा तिथे साठलेला असतो. हे मला भाच्याने सांगितलं नव्हतं. खुर्चीतून थोडा वेळ पाहिलं की आपसूक कळतं.

थंडीनेही फरक पडतो. शून्याच्या आसपासचा बर्फ कडक दिसला तरी पोलादाला थोडी जागा देतो. उणे पंधराला तोच बर्फ जास्त टणक आणि ठिसूळ होतो. कड आत शिरण्याऐवजी त्याच्या कपच्या उडवते.

पायरी कापायची आणि तिच्यावर उभं राहायचं

साधा हिशेब करून पाहू. स्वाराचं वजन ७० किलो. बोर्ड सपाट टेकलेला असेल तर साधारण २५ सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब पृष्ठभाग बर्फावर असतो, म्हणजे ३,००० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर भार येतो जेमतेम २३ ग्रॅम. आता बोर्ड कडेवर कलला. टेकलेली लांबी तीच, रुंदी मात्र समजा एक मिलिमीटर. क्षेत्रफळ उरलं १२ चौरस सेंटिमीटर, आणि प्रत्येकावर जवळपास सहा किलो. कलण्याच्या एका हालचालीने दाब अडीचशेपट झाला. पोलाद कडक बर्फात शिरतं ते या दाबाने. धार बोथट झाली, म्हणजे कोपरा गोल झाला, की टेकणारी रुंदी वाढते आणि हाच दाब झरझर खाली येतो.

पण आत शिरणं हा निम्माच भाग. कड बर्फात एक अरुंद पायरी कापते आणि स्वार त्या पायरीवर उभा असतो. पायरीचा तळ डोंगराकडे झुकलेला असेल तर वजन त्याला आत दाबतं. तळ दरीकडे झुकला तर धार कितीही तिखट असो, बोर्ड घसरणार. म्हणून बोर्ड किती कलला आहे आणि शरीराचा भार कुठल्या रेषेने खाली येतोय, या दोन गोष्टींचा मेळ बसावा लागतो. घाबरलेला माणूस अख्ख्या अंगाने डोंगराकडे झुकतो. बोर्ड कलतो खरा, पण भार कडेवरून निघून जातो आणि पायाखालून बोर्ड निसटतो. सराईत माणूस गुडघ्यात आणि कंबरेत वाकून बोर्ड कलता ठेवतो आणि छाती-खांदे कडेच्या वरच राखतो. उतारावर एका रेषेत दहा जणांना पाहिलं की कोण टिकणार आणि कोण बसणार हे वळणाच्या आधीच सांगता येतं.

स्कीवाल्याचं काम या बाबतीत थोडं सोपं असतं. त्याची स्की बुटाखाली साधारण आठ-दहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे कड पावलाच्या मध्यापासून दोन-तीन बोटांवर. एका पायाची कड सुटली तर दुसऱ्याची असते. स्नोबोर्डरकडे एका वेळी एकच कड. तिच्यावर तो आडवा उभा असतो, पावलं बोर्डच्या रुंदीवर टाकून. बोटांच्या बाजूच्या वळणात पोटरी अख्खं शरीर उचलून धरते. टाचांच्या बाजूचं वळण अधिक अवघड, कारण घोटा त्या दिशेला फारसा वळत नाही आणि बारीकसारीक दुरुस्ती करायला जागाच राहत नाही. बूट बोर्डला जखडणाऱ्या बाइंडिंगची पोटरीमागे जी उभी पाठ असते, हायबॅक, तिच्यावर रेलून कड दाबावी लागते. कडक बर्फावर याच बाजूला बोर्ड थरथरतो. कड पकडते, बोर्ड वाकतो, ताण वाढला की सुटतो, पुन्हा पकडतो. हे सगळं सेकंदात कित्येकदा. मागे अखंड रेघेऐवजी तुटक ओरखडे उमटतात. भाचा म्हणाला होता ते हेच. त्याच्या प्रत्येक हील साइड वळणामागे असे ओरखडे होते, आणि त्यातल्या दोन वळणांच्या शेवटी तो बसला. स्नोबोर्डिंगमधल्या दुखापतींत मनगट सर्वांत पुढे आहे. असं अचानक बसताना माणूस हात टेकवतो, हे त्यामागचं मोठं कारण.

आणखी एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. पावलं बोर्डच्या मधल्या भागात असतात, टोकांवर कुणी उभं नसतं. स्वार मधला भाग कलवतो तेव्हा बोर्ड पिळला जातो आणि टोकं त्याच्यापेक्षा कमी कलतात. पिळाला बोर्ड नरम असेल तर टोकांची कड बर्फावर नुसती टेकलेली राहते, काम करत नाही. म्हणून लाकडी गाभ्यावर काचतंतूंचे जे थर चढवतात त्यांच्या विणीला महत्त्व आहे. तंतू फक्त उभे-आडवे असतील तर बोर्ड सहज पिळतो. तिरके तंतूही घातले की तो पिळाला विरोध करतो. मात्र असा बोर्ड चालवायला पायही दमदार लागतात.

लिफ्टवर जागा मिळाली ती कशी

पोलादी कड स्नोबोर्डपेक्षा जुनी. ऑस्ट्रियात साल्झबर्गच्या रुडॉल्फ लेट्नरने १९२६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. लाकडी स्कीच्या कडा कडक बर्फावर झिजून गोल होत. त्याने त्यांवर पोलादाचे छोटे छोटे तुकडे एकापुढे एक स्क्रूने बसवले. अखंड पट्टी लावली असती तर स्की वाकली नसती.

स्नोबोर्डचा पूर्वज असलेल्या स्नर्फरला यातलं काहीच नव्हतं. मिशिगनमधल्या मस्केगनच्या शर्मन पॉपेनने १९६५ च्या नाताळात मुलींसाठी दोन स्की जोडून ते खेळणं केलं होतं. पुढे त्याच्या नाकाला दोरी आली, पण पाय बांधायची सोय नव्हती. जेक बर्टन कार्पेंटरने १९७७ मध्ये व्हरमाँटच्या लंडनडेरीत बोर्ड बनवायला घेतले, तेही आधी पोलादाशिवायच. खोल, मऊ बर्फात चालून चढायचं आणि घसरत उतरायचं, एवढ्यासाठी ते पुरेसे होते. लिफ्टच्या दाबलेल्या उतारावर लाकडाची कड काय धरणार? स्की रिसॉर्टवाले स्नोबोर्डवाल्या पोरांना आत घेत नव्हते त्यात नापसंतीचा भाग होताच, पण आपला बोर्ड ताब्यात राहील अशी खात्री ती पोरंही देऊ शकत नव्हती. स्ट्रॅटनने १९८३ मध्ये दार उघडलं, आणि सुरुवातीला बोर्ड चालवून दाखवल्याशिवाय लिफ्टवर सोडत नसत. त्याच दशकाच्या मध्यावर पोलादी कडा सर्रास आल्या. डोंगर खुले झाले त्याचं श्रेय स्नोबोर्डरांनी त्यासाठी चालवलेल्या चळवळीइतकंच या पट्टीलाही द्यावं, असं मला वाटतं. व्हरमाँटमधल्याच मॅड रिव्हर ग्लेनवर मात्र आजही स्नोबोर्डला मनाई आहे.

नागमोडी कड

स्नोबोर्डची कड सरळ नसतेच. बोर्ड कमरेला अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद. ही आत गेलेली वक्ररेषा म्हणजे साइडकट. नेहमीच्या बोर्डवर तिची त्रिज्या सात ते नऊ मीटर असते. बोर्ड कलवून दाबला की ही रेषा बर्फावर कमानीत बसते आणि बोर्ड आपोआप वळतो.

वॉशिंग्टन राज्यातल्या सेक्विम गावी मर्विन मॅन्युफॅक्चरिंगचा कारखाना आहे. लिब टेक आणि जीएनयू हे बोर्ड तिथे बनतात. माइक ओल्सन या संस्थापकाची ही कंपनी उलटसुलट प्रयोगांसाठीच ओळखली जाते. २००० नंतरच्या दशकात त्यांनी या वक्ररेषेवर लाटा उठवल्या. प्रत्येक कडेवर सात. नाव ठेवलं मॅग्ने-ट्रॅक्शन. भाड्याच्या बोर्डांमध्ये मला एक मिळाला. लांबून कड नेहमीसारखीच वाटली. बोट फिरवलं तेव्हा चढउतार जाणवला, आणि स्टीलची पट्टी कडेला लावून उजेडासमोर धरली तेव्हा मधल्या फटी स्पष्ट दिसल्या.

कोकणात भात कापायला दातेरी 'वैभव' विळा ज्यांनी वापरलाय त्यांना यातलं मर्म चटकन कळेल. सपाट पात्याखालून ओला पेंढा सरकतो. दातेरी पात्यात ताण दात्यांच्या टोकांवर एकवटतो आणि काडी जागची हलत नाही. बोर्डवरची लाट विळ्याच्या दात्यापेक्षा कितीतरी लांब आणि बुटकी असते, आणि ती कापत पुढे जात नाही, दाबते. पण भार थोड्या जागी एकवटणं दोन्हीकडे आहे. मघाचे १२ चौरस सेंटिमीटर चारावर आले तर सहा किलोंचे अठरा होतात. टणक तळ सहा किलोंना दाद देत नसेल, तो अठरांना देईल.

ही युक्ती त्याच वेळी लोकप्रिय झाली याला कारण आहे. तोवर बोर्ड मधे उंच, टोकांना टेकलेला असे. या कमानीला कॅम्बर म्हणतात. वजन पडलं की कमान दबते आणि टोकांना बर्फात रेटते. मग उलट बाकाचे बोर्ड आले, रॉकर. मधे टेकलेले, टोकांना उचललेले. मर्विनचा 'बनाना' त्यातलाच. शिकणाऱ्याला तो सोपा, मऊ बर्फात तरंगणारा, पण कडक बर्फावर टोकं हवेत राहिली की कामाला येणारी कड आखूड होते. तेव्हा पकड पावलांच्या आसपासच कुठेतरी शोधणं भाग होतं. लाटांनी ती जागा दिली. माझ्या मते नागमोडी कडेचं खरं यश या दुरुस्तीत आहे. नरम, सोपा बोर्ड तिने ईशान्येच्या डोंगरांवर वापरण्याजोगा केला.

मग इतर कंपन्यांनी आपापले मार्ग काढले. रोझिन्योलने मर्विनचीच युक्ती आपल्या बोर्डांवर घेतली. बर्टनच्या 'फ्रॉस्टबाइट' प्रकारात कड दोन्ही बाइंडिंगखाली किंचित बाहेर येते. आर्बर आणि जोन्स यांनीही पावलांच्या आसपास उठाव दिले. आणि 'येस' या कंपनीने 'अंडरबाइट'मध्ये नेमकं उलट केलं. बाइंडिंगखालची कड आत कापली. एक बाहेर काढतो, दुसरा आत घेतो, आणि दोघंही कडक बर्फावर पकड वाढल्याचं सांगतात! यातला एक खोटं बोलतोय असं आधी वाटतं. दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून पाहिले तेव्हा उलगडा झाला. बाहेर काढा किंवा आत घ्या, अखंड कमान मोडली की तिथे नवे कोपरे तयार होतात. बाहेर काढल्यावर कोपरा पावलाखाली येतो, आत घेतल्यावर पावलाच्या दोन्ही बाजूंना. आत घेतल्याने आणखी एक फायदा म्हणजे पावलाखाली बोर्ड अरुंद होतो, कड बोटांच्या आणि टाचेच्या जवळ येते आणि पायाला कमी झगडावं लागतं.

फुकट काही नाही. मऊ, ओलसर बर्फात लाटांची कड हवी तेव्हा सुटत नाही आणि बोर्ड मुद्दाम आडवा सरकवणाऱ्याला अडखळल्यासारखं होतं. लोखंडी रेलवरून घसरणाऱ्यांनाही ती आवडत नाही. गुडघाभर ताज्या बर्फात तर कडेला टेकायलाच काही नसतं, तिथे लाटा असल्या काय नि नसल्या काय.

दुकानाच्या मागची खोली

उताराच्या पायथ्याच्या दुकानात पुढे चकचकीत बोर्ड, आणि मागच्या खोलीत मेणाचा वास. तिथल्या कारागिराने भाच्याचा बोर्ड शिकंज्यात उभा अडकवला, काही न बोलता अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढलं आणि आम्हाला दाखवलं. नखाची भुकटी निघाली नव्हती. धार असली तर निघते. टाचांच्या बाजूला पावलांमध्ये गंजाचा पट्टा होता. "गाडीच्या टपावर बांधून आणता ना?" त्याने विचारलं. न्यू इंग्लंडमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर उडून टपावरच्या पोलादावर बसतं आणि तीन तासांच्या प्रवासात आपलं काम करतं.

पट्टीची आडवी रुंदी असते दोनेक मिलिमीटर. आतल्या बाजूला तिला दाते असतात, ते लाकूड आणि काचतंतूंच्या मधे राळेत गाडलेले. बाहेर दिसतो तो फक्त कोपरा. दगडाला घासलेल्या जागी पोलाद मार खाऊन अधिक कडक होतं आणि तिथे कानस नुसती सरकते. म्हणून त्याने आधी हिऱ्याच्या भुकटीचा दगड ओला करून त्या गाठी उतरवल्या. मग काळ्या मार्करने अख्खी कड रंगवली. गाइडमध्ये बसवलेली कानस एका लयीत ओढली, आणि जिथे पोलाद घासलं गेलं तिथली शाई गेली. शाई कुठे उरली आहे ते पाहत पाहत तो पुढे सरकत होता. शेवटी रबरासारख्या मऊ दगडाने कोपऱ्यावरची बारीक कूस काढली. कूस हाताला धारेसारखी लागते, पण बर्फावर पहिल्याच वळणात मोडते.

मी भाड्याचा लाटांचा बोर्ड त्याच्यासमोर ठेवला. त्याने त्याचीही कड रंगवली आणि तीच लांब कानस एकदा ओढून दाखवली. उठावांवरची शाई गेली, खोलगट भागांतली जशीच्या तशी राहिली. मोसमभर असंच केलं तर उठाव झिजतात, आणि ज्यासाठी पैसे मोजले ते हळूहळू कानशीच्या चुऱ्यात जातं. अशा कडेला आखूड कानस किंवा छोटा दगड लागतो आणि लाटेबरोबर हात चालवावा लागतो. कुठल्याही जाहिरातीत हे मी वाचलं नव्हतं.

कोनांचा हिशेबही त्यानेच समजावला. तळाकडून पोलाद साधारण एक अंश उतरतं ठेवतात, बेस बेव्हल. त्यामुळे सपाट जाताना कड उगाच अडकून माणूस उपडा पडत नाही. बाजूकडून एक अंश घेतला तर कोपरा होतो बरोबर नव्वदचा, दोन अंश घेतले तर एकोणनव्वदचा. दुकानात तयार मिळणारे बरेच बोर्ड पहिल्या प्रकारचे असतात. एकोणनव्वदचा कोपरा कडक बर्फात जास्त धरतो आणि लवकर बोथटतो. बहुतेक गिऱ्हाईकं नवा बोर्ड घ्यायला येतात, जुना धारेला लावायला फार थोडे, असं तो कुरकुर न करता म्हणाला.

शर्यतीत लाटा का नाहीत

लाटांनी एवढी पकड मिळते तर सर्वांत कडक बर्फावर धावणारे त्या का वापरत नाहीत? शर्यतीच्या उतारात मुद्दाम पाणी मुरवून तो गोठवतात, म्हणजे शेवटच्या स्पर्धकालाही पहिल्यासारखाच मार्ग मिळतो. २०१८ च्या फेब्रुवारीत प्याँगचँगच्या ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने स्कीवर सुपर-जी शर्यत एका शतांश सेकंदाने जिंकली आणि आठवड्याभरात स्नोबोर्डवर समांतर जायंट स्लॅलमचं सुवर्णही घेतलं. दोन साधनांवर एकाच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिलीच. अशा शर्यतीतला बोर्ड लांब, अरुंद आणि पिळायला अत्यंत ताठ असतो. बूट स्कीसारखे कडक. पावलं पुढच्या दिशेला खूप वळलेली, म्हणजे बोर्ड अरुंद असूनही बोटं बाहेर येत नाहीत. आणि कड अखंड, गुळगुळीत.

खऱ्या कार्व्हमध्ये, म्हणजे न घसरता कापलेल्या वळणात, कडेचा पुढचा भाग बर्फात खोबण कापतो आणि मागचा भाग त्याच खोबणीतून जातो. लाटा असतील तर प्रत्येक उठाव ती खोबण थोडी रुंद करेल आणि प्रत्येक वेळी थोडा वेग खाईल. शिवाय शर्यतपटूला दाबाची उणीव नसते. त्या वेगात वळताना अंगावर येणारा जोर वजनाच्या दुपटीपलीकडे जातो, ताठ बोर्ड तो टोकापर्यंत पोचवतो, आणि कोपरा रोज, काही वेळा दोन फेऱ्यांच्या मधेही, धारेला लावलेला असतो.

शनिवारी येणाऱ्या माणसाकडे यातलं काय आहे? वेग बेताचा, बूट मऊ, बोर्ड लवचीक, आणि धार बऱ्याचदा गेल्या मोसमातली. मग उरलेला दाब आकारातून मिळवायचा. म्हणून लाटांची कड मला हौशी लोकांसाठी केलेलं प्रामाणिक संशोधन वाटतं. पट्टीच्या स्वाराची निशाणी म्हणून ती विकली जाते ते मात्र पटत नाही.

दुपार

जेवणानंतर भाचा आधी लाटांचा बोर्ड घेऊन वर गेला. उताराच्या मधोमध, जिथे निळा तळ उघडा पडला होता, तिथे त्याने मुद्दाम हील साइडला वळण घेतलं. थरथर थांबली नाही, पण कमी झाली, आणि तो बसला नाही. मी कडेने चालत त्याच्या खुणेपर्यंत गेले. तुटक ओरखड्यांच्या जागी एक पट्टा होता, तळहाताएवढा रुंद, आणि त्यात थोड्या थोड्या अंतराने खोल गेलेल्या जागा. खाली, ऊन लागून नरम झालेल्या भागात, बोर्ड वेळेवर सुटेना म्हणून तो वैतागला.

मग स्वतःचा, नुकताच धारेला लावलेला बोर्ड. त्याच जागी, त्याच बाजूला वळण. पट्टा थोडा रुंद, खुणा सलग, आणि वळण पूर्ण. फरक आहे हे त्याने मान्य केलं, पण सकाळचा आणि दुपारचा त्याचाच बोर्ड यांच्यातला फरक त्याहून मोठा आहे असंही म्हणाला. मी खांद्यांकडे पाहत होते. दुपारी ते कडेच्या वर होते, सकाळी डोंगराकडे गेले होते. धारेवर भरवसा बसल्याने ते वर राहिले, की ते वर राहिल्याने धार लागू पडली, हे एका दुपारीत वेगळं काढता येणार नाही.

दुकान बंद व्हायच्या आधी भाड्याचा बोर्ड परत केला. भाच्याने आपल्या बोर्डसाठी ओलावा शोषणारी पिशवी घेतली, आणि पुढच्या शनिवारी बाजूचा कोन एकाऐवजी दोन अंशांचा करून मिळेल का, असं विचारलं. कारागीर म्हणाला, मिळेल, पण मग महिन्याला एकदा तरी आणावा लागेल.